केळीचं शेत आणि 'सहज'चा चौकोन

श्रोतेहो, राम राम.

जून उजाडला की आमच्या भुसावळच्या कट्ट्यावर एकच विषय: आयकराचं रिटर्न मोबाईलवर स्वतः भरायचं, की वकिलाकडे कागद टाकायचे? कर सल्लागाराला आम्ही वकीलच म्हणतो, मग त्याने जन्मात काळा कोट घातलेला नसो.

रेल्वेत होतो तोवर मी स्वतःच भरायचो. पगार एकच, फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात, पोर्टलवर बरेचसे आकडे आधीच भरून आलेले. एआयएसमधलं, म्हणजे आयकर खात्याकडे असलेल्या आपल्या कमाईच्या यादीतलं, एफडीचं व्याज ताडून पाहायचं, ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय करायचं, झालं. सरकारी पोर्टल फुकट आहे. एवढ्यासाठी कुणाला पैसे का मोजावेत, मला तरी कळत नाही.

घोडं अडलं केळीपाशी. रिटायर झालो त्याच वर्षी रावेरचं शेत माझ्या नावावर आलं. शेतीला कर नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण 'सहज', म्हणजे आयटीआर-१ या सोप्या रिटर्न फॉर्मातला शेतीचा चौकोन ५००० च्या वर आकडाच घेईना. मग मी काय केलं? ५००० टाकले आणि चहा प्यायला उठलो! फॉर्म निमूट गेला.

दिवाळीत वकीलसाहेबांना सहज बोललो, तर त्यांनी चष्माच काढून ठेवला. "काका, शेताला कर नाही, पण शेताचा आकडा बाकीच्या कमाईचा कर वाढवतो." म्हणजे शेतीचं उत्पन्न ५००० च्या वर आणि उरलेलं करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, की दर ठरवताना दोन्ही एकत्र धरतात. फॉर्मही मग आयटीआर-२. सुधारित रिटर्न गेलं, वर व्याज बसलं. चौकोनाने आकडा अडवला, पण का अडवला ते सांगितलं नाही. माणसाने विचारलं, "काका, केळीचे किती आले?"

जळगावजवळची जमीन विकणाऱ्यांनी तर एकट्याने बसूच नये. शहराची लोकसंख्या १ लाखाच्या वर, १० लाखांच्या आत असेल, तर शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतल्या शेतजमिनीचा नफा करात येतो. सातबाऱ्यावर कापूस असला तरी!

वकिलाकडे गेलात तरी पोर्टलवर मोबाईल नंबर आपलाच ठेवा. आमच्या शेजाऱ्यांना आलेली नोटीस चार महिने त्यांना कळलीच नाही. प्रोफाइल उघडलं, तर नंबर वकिलाकडच्या पोऱ्याचा, आणि तो पोऱ्या कधीच काम सोडून सुरतेला गेलेला.