आठ साते किती?

मुलाला मध्येच थांबवून विचारा, "आठ साते किती?" आणि त्याच्या ओठांकडे बघा. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस... ओठ हलत असतात. छप्पन्न येतं, पण सहा पायऱ्या चढून. पाढा पाठ आहे, गुणाकार पाठ नाही. पाढे घोकण्याला हसणाऱ्यांपैकी मी नाही. लयीत म्हटलेलं लवकर पाठ होतं. पण तेवढ्यावर थांबलं की प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराला टांगलेलं राहतं.

आता ओझं किती ते पाहू. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. सात आठे आणि आठ साते एकच, हे मुलाला ठिपक्यांच्या रांगा मांडून, कागद आडवा फिरवून दाखवलंत की उरतात 55. त्यातून एक, दोन, पाच आणि दहा काढा. नऊही काढा, कारण त्यात दशक एकाने कमी आणि दोन्ही अंकांची बेरीज नऊ: नऊ साते त्रेसष्ट, सहा आणि तीन. उरले 15. त्यातले तीन त्रिक, सात सत्ते असे जोडीचे पाच बहुतेक मुलांना लवकर बसतात. म्हणजे खरी झुंज दहांशी: 3×4, 3×6, 3×7, 3×8, 4×6, 4×7, 4×8, 6×7, 6×8 आणि 7×8. ही यादी मुलाच्याच हातात द्या. "पाढे येत नाहीत" म्हणणारं मूल "माझे चार राहिलेत" म्हणू लागतं.

हे दहा एकदम देऊ नका. 7×8 ला मुलं 54 किंवा 48 सांगतात, मनाला येईल तो आकडा नाही. ही शेजारच्या गुणाकारांची उत्तरं आहेत, ती एकमेकांत मिसळतात. म्हणून सहा आठे पक्कं झाल्यावरच सात आठे घ्या. मुलाला आधीच येत असलेल्या पाच-सहा प्रश्नांत नवा एकच मिसळायचा. अडलं तर क्षणभर थांबा, मग "सात आठे छप्पन्न" असं पूर्ण म्हणा, त्याच्याकडून म्हणवून घ्या. दोन-तीन प्रश्नांनंतर पुन्हा विचारा, उद्या विचारा, मग चार दिवसांनी. रोज पाच मिनिटं पुरतात. रविवारी तासभर बसवण्यात दोघांचंही डोकं फिरतं.

आणि घड्याळ लावू नका, निदान सुरुवातीला तरी. घाबरलेलं मूल येणारंही विसरतं. त्यापेक्षा अडल्यावर वाट शोधायला शिकवा: सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न. बोटं मोजली तर मोजू द्या. उत्तर आठवू लागलं की बोटं आपोआप सुटतात.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते, ती म्हणजे उलटं विचारणं. छप्पन्न म्हणजे सात गुणिले किती? बेचाळीस कोणाकोणाच्या पाढ्यात येतात? पुढे 42/56 हा अपूर्णांक समोर आला की ज्याला हे जमतं, त्याला दोन्हींतला सात लगेच दिसतो आणि 6/8 हाती येतं. बाकीचे तिथे दोननं भाग देत बसतात, 21/28 वर अडकतात आणि अपूर्णांक अवघड असतात असं सांगत घरी येतात.