गुडघाभर गवतातली भूक

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उत्तर भागात, चार्टर्स टॉवर्सच्या आसपासच्या माळरानावर ऑगस्टमध्ये गवत गुडघाभर उभे असते आणि तरीही मांसासाठी पाळलेली गुरे दिवसेंदिवस रोडावत जातात. ही वशिंडाची ‘ब्राह्मण’ जातीची गुरे मुळात भारतीय वंशाची आहेत. अमेरिकेत गीर, कांकरेज आणि ओंगोलबरोबर आपल्या कृष्णाकाठचे रक्तही त्यांच्यात मिसळले गेले आणि १९३३ साली ती ऑस्ट्रेलियात आली.

येथे पाऊस साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. वाळलेल्या गवतातील प्रथिने तीन-चार टक्क्यांपर्यंत उतरतात, मात्र कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीवांना तंतू पचवण्यासाठी सहा-सात टक्के तरी लागतात. तेवढी मिळाली नाहीत की चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणेच कमी करते. म्हणून कोरड्या दिवसांत युरिया व मीठ घातलेल्या चाटण विटा रानात ठेवतात, ज्यातील नत्रावर हे सूक्ष्मजीव वाढतात. अवेळी पावसात विटेवर साचलेले युरियाचे पाणी प्यायल्यास मात्र जनावर दगावू शकते.

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) गणित नेमके उलटे आहे. ज्या भागांतील मातीत ते कमी असते, तेथील गुरे जुनी हाडे चघळतात आणि त्यातून त्यांना बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा होते. हिरव्या चाऱ्यातून प्रथिने व ऊर्जा मुबलक मिळत असताना वाढ अडते ती स्फुरदावाचून, त्यामुळे ते पावसाळ्यातच द्यायला हवे. पण तेव्हाच वाटा चिखलात बुडालेल्या असतात, म्हणून अनेक पशुपालक ते कोरड्या हंगामात देत आले. यात त्यांचा आळस नव्हता, तरी खर्चाच्या मानाने लाभ थोडाच झाला.

आपल्याकडे बांधावर दिसणारी सुबाभूळ येथे ओळींत लावून मधल्या पट्ट्यांत गवत राखतात. तिच्या पाल्यातील मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे गुरांना बाधा होत असे. हवाईतील शेळ्यांना ती होत नाही, हे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हेरले आणि १९८०च्या दशकात तशा शेळ्यांच्या पोटातील जीवाणू येथील गुरांच्या पोटात पोहोचवण्यात आले. त्यांतील एका जीवाणूला पुढे जोन्स यांचेच नाव मिळाले.

एवढे सगळे पुरवूनही रानावर गुरे जास्त असतील तर उपयोग होत नाही. चार्टर्स टॉवर्सजवळच्या वाम्बियाना येथे १९९७ पासून चाललेल्या चराई-प्रयोगात सुमारे चार हेक्टरांना एक जनावर ठेवलेल्या कुरणांनी चांगल्या पावसाच्या वर्षांत अधिक कमाई दाखवली. दुष्काळ पडताच तेथे बाहेरून चारा आणावा लागला आणि साधारण आठ हेक्टरांना एक जनावर ठेवलेली कुरणे पुढे गेली. त्याच प्रयोगातील काही कुरणांत दर पावसाळ्यात एक भाग चराईसाठी बंद राहतो, कारण पहिल्या सरींनंतरचा फुटवा गवताने मुळाशी साठवलेल्या अन्नावर उगवलेला असतो आणि तो लगेच खाल्ला गेला, तर दुसऱ्यांदा फुटण्यापुरते बळ त्या ठोंबात उरत नाही.