बारा भोकं उघडी ठेवायची

[दृश्य : वितळलेल्या सोल्डरची लाट, अगदी जवळून. सुरुवातीला नुसता मशीनचा आवाज.]

ही सोल्डरची, म्हणजे सुटे भाग कार्डाला जोडणाऱ्या वितळलेल्या धातूची लाट. पाऱ्यासारखी दिसते, पण पारा नाही. 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, उरलेलं तांबं. चांदी म्हटलं की जळगावचा माणूस वळून बघणारच! ही चांदी मात्र सराफाच्या काट्यावर जात नाही. ती जाते केळीच्या बागेत, मोटरच्या स्टार्टरमधल्या कार्डावर.

[दृश्य : एमआयडीसीतली शेड. लांब टेबल, ओळीने बसलेल्या बाया, हिरवी कार्डं.]

मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारं हे कार्ड. लाइट रात्री दोनला आली तर बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागू नये, म्हणून. असली कार्डं बाहेरूनच यायला हवीत, असं कुठे लिहिलेलं नाही. ती इथे बनतात, आणि चांगली बनतात.

[दृश्य : बोटांत बारीक नोझलची बाटली. कार्डावर गुलाबी थेंब.]

आता या हाताकडे बघा. पाच भोकं, पुन्हा पाच, मग दोन. बारा भोकांवर ताई गुलाबी मास्क, म्हणजे सोल्डर आत शिरू न देणारा लेप लावतात, आणि शेवटी सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांवर एक सरळ रेघ. शेजारी नवीन मुलगी बसलीय. ताई मान वर न करता तिला सांगतात, "जाड नको लावू माय, फुगी जाई."

फुगतं ते असं. थर जाड झाला तर वरून साय धरते आणि आत ओल राहते. पुढे हीटरखाली त्या ओलीची वाफ होते, बुडबुडा फुटतो आणि भोक उघडं पडतं. तिथे सोल्डर शिरलं की तेवढं भोक उपसत बसा. म्हणून थर पातळ आणि वाळवण पूर्ण. मे महिन्यात जळगावात वाळवणाची काळजी नाही, पापडांचीही नाही. पावसाळ्यात मात्र कार्डं ओव्हनमध्ये ठेवावी लागतात.

[दृश्य : भुसावळच्या बाजारातला कल्हईवाला. तापलेलं पातेलं, धूर.]

भुसावळच्या बाजारात आम्हाला हा कल्हईवाला दिसला आणि कॅमेरा आपोआप तिकडे वळला. तापल्या पातेल्यात नवसागर टाकला की धूर उठतो, धातूवरचा मळ सुटतो, मगच कथील धरतं. कारखान्यात नवसागराच्या जागी फ्लक्स आहे. बाकी रीत तीच.

[दृश्य : कार्ड पट्ट्यावर चढतं. फ्लक्सचा फवारा, हीटर, लाट.]

खालून फ्लक्सचा फवारा. मग हीटर, सुमारे 110 अंश. पुढे लाट, 260 अंशांच्या आसपास. कार्ड लाटेच्या माथ्याला टेकतं ते जेमतेम तीन सेकंद. तेवढ्यात शेकडो जोड एकदम. हाताने करायला बसलं तर बराच वेळ जाईल.

[दृश्य : कार्डाची खालची बाजू. चकचकीत जोड, मधे गुलाबी ठिपके.]

पाण्यात विरघळणारा मास्क एवढ्या उष्णतेत टिकतो कसा? साधं आहे. वाळलेल्या थराला सोडवणारी वस्तू पाणी, आणि वितळलेल्या धातूत पाणी नसतं. फ्लक्ससुद्धा इथे अल्कोहोलातला वापरतात, पाण्यातला नाही.

आधी रबरी मास्क होता. तो चिमट्याने एकेक करून सोलायचा, आणि तुकडा भोकात अडकला की टाचणीने कोरायचा. मधाच्या रंगाची उष्णतारोधक टेपही वापरून झाली. बारा भोकांसाठी बारा तुकडे कापत बसायचं! ते दिवस आमच्या कॅमेऱ्यात नाहीत. ताईंच्या बोलण्यात आहेत.

[दृश्य : गरम पाण्याची टाकी. गुलाबी रंग पाण्यात उतरतो. इथे दहा सेकंद निवेदन नाही.]

पाणी 60 अंशांचं. फ्लक्स धुवायचाच असतो, त्याच धुण्यात मास्कही निघतो. वेगळी मेहनत नाही. पण पाणी बोअरचं चालत नाही. आपल्या बादल्यांवर बसतो तो पांढरा क्षार कार्डावरही बसेल. म्हणून आधी आरओ, आणि शेवटच्या खळखळीला क्षार पूर्ण काढलेलं पाणी. वापरलेलं पाणी वेगळ्या टाकीत साठवून प्रक्रियेसाठी पाठवतात.

[दृश्य : धुतलेलं कार्ड उजेडासमोर. बारा भोकांतून प्रकाश.]

ही बारा भोकं कशासाठी राखली, ते आता कळेल. दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, आणि आवाज करणारा एक बझर. या रिलेला खालून फ्लक्स शिरत नाही, पण पाणी शिरतं. बझरचंही तसंच, तोंड उघडं. दोघांना आंघोळ घालून चालत नाही. म्हणून बाकी सगळ्यांचं धुणं उरकल्यावर ते येतात, आणि हातानेच बसतात. सोन्याच्या पट्ट्यांवर सिमकार्डाचं मॉड्यूल चढतं. तिथे सोल्डरचा एक थेंब जरी असता तरी ते नीट बसलं नसतं.

[दृश्य : सोल्डरिंगची कांडी, धुराची बारीक रेघ. तपासणीचं टेबल.]

पाच पाय, पाच पाय, दोन पाय. वीज जोडली. ताई मोबाइलवरून फोन लावतात.

[आवाज : रिलेची टक्. मग बझर.]

ताई कार्ड उजव्या हाताच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि डाव्या ट्रेमधलं पुढचं उचलतात.