आटे जुळेनात

राम राम श्रोतेहो.

परवा केळीच्या बागेत ठिबकची मेन लाइन सुटली. दुकानातून आणलेला नवा कॉक जुन्या पाइपवर काही केल्या बसेना. सालदार म्हणाला, "हाई बसस नई, भाऊ." दोन्ही वस्तू धडधाकट, पण आटे वेगळे. अर्धा दिवस गेला त्यात. मला मात्र तिथं बांधावर बसून अपोलो आणि सोयुझ आठवले.

जुलै 1975. अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयुझ अंतराळात जोडायचं होतं. तोवर यानांची जोडणी आपल्या नळासारखीच, एकीकडे मेल, दुसरीकडे फिमेल. आता या दोन देशांत फिमेल कोण होणार? शेवटी दोन्हीकडे सारखंच कडं बसवलं, पाकळ्या एकमेकींत अडकणारं. तरी अडचण उरलीच. सोयुझमध्ये आपल्या अंगणातल्यासारखी हवा; अपोलोत निव्वळ ऑक्सिजन, तोही साधारण एक तृतीयांश दाबाचा. घाईनं पलीकडे गेलं, तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती. म्हणून सोयुझनं आपला दाब उतरवला आणि दोन्ही यानांच्या मध्ये एक खोली जोडली गेली, वाड्याच्या देवडीसारखी. तिथं थांबायचं, दाब बदलू द्यायचा, मग पुढचं दार. वर्तमानपत्रांत फोटो मात्र हस्तांदोलनाचा.

2006 च्या सुमारास युरोप आणि रशियानं मिळून माणसं नेणारं नवं यान बांधायचा घाट घातला होता. तो बारगळला. मग युरोप अमेरिकेच्या ओरायन या माणसं नेणाऱ्या यानाच्या कामात सामील झाला. माणसं बसतात ती कुपी अमेरिकेची. तिच्यामागचा इंजिन, वीज, पाणी, हवा सांभाळणारा भाग युरोपचा, जर्मनीत ब्रेमेनला जुळवलेला. अंतराळस्थानकाच्या खर्चातला आपला वाटा युरोपनं रोख न देता असा वस्तूनं फेडायचं ठरवलं. बलुतंच की हे! 2022 च्या नोव्हेंबरात ओरायन माणसांविना चंद्राकडे गेलं, तेव्हा त्या भागाचं मुख्य इंजिन जुन्या स्पेस शटलचं होतं, दुरुस्त करून पुन्हा बसवलेलं. आपल्याकडचा मिस्त्री ऐकून खूश होईल.

आपल्या गगनयानाचे चार वैमानिक 2020-21 मध्ये मॉस्कोजवळ गागारिन केंद्रात शिकले. त्यांतले शुभांशू शुक्ला जून-जुलै 2025 मध्ये अमेरिकी ड्रॅगन यानातून अंतराळस्थानकावर जाऊन आले. यान मात्र आपण घरीच घडवतोय. शिकायला जगभर जावं, चुली आपल्या ठेवाव्यात, असं माझं मत. पण उद्या परक्या स्थानकाला टेकायचं, तर कड्याचं माप जुळायलाच हवं. त्यासाठी 2010 मध्ये देशांनी मिळून एक सामायिक माप जाहीर केलं. नाहीतर पाचोऱ्यासारखं व्हायचं. पीजेचे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीचे, अडीच फुटी रूळ आणि मोठी लाइन एकाच गावात होती. पण डबा कधी इकडून तिकडे गेला नाही, माणसंच गाठोडी घेऊन उतरत राहिली.

हां, कॉकचं राहिलं. संध्याकाळी दोन्ही टोकांना वेगवेगळे आटे असलेला तुकडा मिळाला. सालदारानं टेप गुंडाळली, पान्यानं आवळला. अजून थेंब थेंब गळतोय.