हवेची पकड

(शेडचं शटर वर जातं. कॉम्प्रेसर भरल्याचा आवाज.)

वाळूज एमआयडीसी. मोठ्या कंपन्यांच्या भिंती मागे पडल्या की पत्र्याच्या शेडांची रांग लागते. या शेडमध्ये खिडक्या बनतात. थ्री-ट्रॅक स्लायडिंग, बाथरूमचे व्हेंटिलेटर, दुकानांची पार्टिशनं. माल छत्रपती संभाजीनगरच्या सोसायट्यांना जातो, जालन्याला जातो, कधी गंगाखेडपर्यंत.

(अ‍ॅल्युमिनियमचा बारा फुटी सेक्शन, म्हणजे खिडकीची पोकळ पट्टी, खांद्यावरून टेबलावर येतो.)

टेबलाच्या मधोमध कटर. वरून खाली येणारं पातं, हँडल दाबलं की कट. अशा कटरवर एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सेक्शन दाबून धरायची पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे.

(मामांचा डावा हात, जवळून.)

शेडमध्ये सगळे यांना मामा म्हणतात. तर्जनी पेरापाशी संपते. आठ वर्षं झाली. महिनाभर घरी होते, मग पुन्हा याच कामावर आले.

(पातं फिरतंय.)

पातं २५५ मिलिमीटरचं, दात कार्बाइडचे. मिनिटाला ४८०० फेरे धरले तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला ६४ मीटर होतो. समोरचा सेक्शन ६०६३ मिश्रधातूचा, आतून पोकळ, भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची. अ‍ॅल्युमिनियम मऊ आणि चिकट. त्याचा कीस दाताला धरतो, दात पातळ भिंतीत अडकतो, आणि सेक्शन उसळी घेतो. ४५ अंशाच्या कटाला तर तो मागच्या पट्टीवरून बाजूला सरकायलाच बघतो. तुकडा जितका आखूड, तितका हात पात्याजवळ. आणि व्हेंटिलेटरचे तुकडे आखूडच असतात.

म्हणून सुट्टीचा दिवस गाठून मामांनी आणि त्यांच्या भाच्यानं हा कटर खोलला. सेक्शन हातानं नाही, हवेच्या सिलेंडरनं दाबून धरायचा, म्हणजे हवेचा क्लॅम्प बसवायचा.

(प्लेटवर खडूच्या रेघा. ड्रिल.)

आधी ब्रॅकेट. दहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट, तिला उभे लांबट गाळे. सेक्शन बदलला की सिलेंडर वरखाली सरकवता यावा म्हणून. ब्रॅकेट टेबलाच्या अँगलला बोल्टनं बसवलं. कटरच्या ओतीव बॉडीला एकही भोक पाडलं नाही, कारण बॉडी कमजोर झाली तर पुढचं सगळंच फुकट.

सिलेंडर दोन, ४० मिलिमीटर बोअरचे. पात्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. लांब बाजू धरून तुटणारा तुकडा मोकळा सोडला, तर तोच तुकडा पात्यात आणि पट्टीत अडकून भिरकावतो. त्यामुळे दोन्ही बाजू धरायच्या.

(मामा पेन्सिलीनं फळीवर आकडे मांडतात.)

हिशेब सोपा आहे. ४० मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. हवा ६ केजी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाबानं सोडली तर सेक्शनवर ७५ किलोंचा भार पडतो. पोकळ सेक्शन एवढ्यानं दबतो, पावडर कोटिंगवर वळ उठतो. म्हणून रेग्युलेटर फिरवून दाब ३ केजीवर आणला. भार निम्म्यावर आला आणि सेक्शन तरीही हलत नाही. टोकाला नायलॉनचा पॅड, लेथवर उतरवलेला.

आता या फ्रेमकडे नीट बघा. क्लॅम्प सुटा असताना पॅड आणि सेक्शन यांच्यामधली फट.

पाच मिलिमीटर. बोट आत जाणार नाही एवढीच. क्लॅम्पसुद्धा बोट चिरडू शकतो, हे बसवणाऱ्यांपैकी बरेच जण विसरतात. सेक्शन बदलला की मामा सिलेंडर सरकवून फट परत पाच मिलिमीटरवर आणतात. मोजायला खिशात पाच मिलिमीटरची पट्टी असते. वेळ जातो, पण ते चुकवत नाहीत.

(निळे पाइप. पुश फिटिंगमध्ये पाइप बसल्याचा टिक आवाज.)

कॉम्प्रेसरमधून हवा आधी एफआरएलमध्ये: पाणी गाळलं जातं, दाब ठरतो, तेलाचा अंश मिसळतो. तिथून फाइव्ह-टू वॉल्व्ह, म्हणजे हवेची दिशा बदलणारा पाच तोंडांचा वॉल्व्ह, तोही पायानं चालवायचा. पाय दाबला की क्लॅम्प बसतो आणि पाय काढला तरी बसलेलाच राहतो. सोडायचा तर पुन्हा पाय. वीजेवर चालणारा स्प्रिंगचा वॉल्व्ह स्वस्तात मिळत होता. मामांनी तो घेतला नाही, आणि का नाही घेतला ते आमच्या कॅमेऱ्यासमोरच दिसलं.

(काम सुरू. अचानक दिवे जातात.)

दुसऱ्या दिवशी दुपारी कट अर्ध्यावर असताना लाइट गेली. मोटर बंद, पण पातं अजून फिरतंय. स्प्रिंगचा वॉल्व्ह असता तर त्याच क्षणी क्लॅम्प सुटला असता आणि फिरत्या पात्यात सेक्शन मोकळा झाला असता. इथे टाकीतली हवा क्लॅम्प धरून आहे. पाइप फुटला तर? त्यासाठी प्रत्येक सिलेंडरच्या तोंडाशी पायलट चेक वॉल्व्ह आहे, आतली हवा आतच कोंडून राहते.

आणखी एक जोड भाच्यानं दिली. क्लॅम्पच्या लाइनवर प्रेशर स्विच, कटरच्या कॉन्टॅक्टरशी, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचशी, सिरीजमध्ये. दाब भरल्याशिवाय कटर सुरूच होत नाही. आणि कॉन्टॅक्टरमुळे लाइट आली तरी पातं आपोआप फिरत नाही, बटण पुन्हा दाबावं लागतं.

(प्लग काढलेला. हँडल हातानं सावकाश खाली.)

पहिल्या कटाआधी प्लग काढून कटर ० अंशाला, मग दोन्हीकडच्या ४५ अंशांना खाली आणून पाहिला. उजवीकडच्या ४५ ला पात्याचं गार्ड ब्रॅकेटला घासलं. ब्रॅकेटचा कोपरा ग्राइंडरनं उडवला.

(मेणाची कांडी पात्याला लागते. पाय. फिस्स. कट.)

आता बघा, डावा हात कुठे आहे. मागे, कमरेवर.

सकाळी कॉम्प्रेसरखालची चावी उघडून टाकीतलं पाणी सोडणं, एवढंच रोजचं नवं काम. सुटे भाग शहरातल्या न्यूमॅटिकच्या दुकानांत मिळतात, बसवायला एक दिवस पुरला. वाळूजमध्ये, चिकलठाण्यात, शेंद्र्यात असे कटर हातानं धरून चालवणारी अजून किती शेडं असतील! त्यांच्या मालकांनी हे येऊन पाहावं, म्हणून हा व्हिडिओ.

(पातं थांबतं. हँडल वर. पाय. क्लॅम्प सुटतो.)

भाचा दोन ४५ चे तुकडे जोडून कोपऱ्याला गुण्या लावतो, खिडकीच्या उजेडात धरतो. मामा मान डोलावतात.

"पुढला घे."