उठव की रे!

[दृश्य: कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली गल्ली, संध्याकाळ. अर्ध्यावर ओढलेलं शटर.]

या शटरमागं एकेकाळी आठ कॉम्प्युटर होते. दारात चपलांचा ढीग, आत क्लास बुडवून आलेली पोरं आणि स्क्रीनवर २००५ सालचा लढाईचा व्हिडिओ गेम, 'बॅटलफिल्ड २'. मालिका त्याच्याही आधीची. स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओनं २००२ मध्ये 'बॅटलफिल्ड १९४२' काढला, तिथून सुरू झालेली.

आमच्यातला एक जण कायम मेडिक. नेम असा, की समोर उभा रणगाडासुद्धा चुकायचा. पण कुणी पडलं की कोपऱ्यातल्या मशीनवरून हाक यायची, "उठव की रे!" आणि हा गडी शॉक द्यायची पॅडं घेऊन गोळ्यांच्या पावसात पळत सुटायचा. निम्म्या वेळा स्वतःच आडवा व्हायचा. तरी स्कोअरबोर्डवर नाव वरच, कारण पडलेल्याला उठवण्याचेही गुण मिळायचे.

सगळी गंमत यातच होती. मेडिक उठवणार, इंजिनिअर रणगाडा नीट करणार, सपोर्टवाला गोळ्या पुरवणार. ज्याला धड नेम धरता येत नाही, त्यालाही गेममध्ये काम होतं.

[दृश्य: 'बॅटलफिल्ड २०४२'. चक्रीवादळात गरगरणारी गाडी.]

१९ नोव्हेंबर २०२१. 'बॅटलफिल्ड २०४२' आला. पीसीवर आणि नव्या कन्सोलवर ६४ खेळाडूंच्या जागी थेट १२८. सात मोठे नकाशे. त्यातला एक चक्क गुजरातमधल्या अलंगचा, जिथं जुनी जहाजं किनाऱ्यावर आणून तोडतात तो. चिखलात रुतलेला जहाजाचा अवाढव्य सांगाडा, आणि त्याच्या पोटात लढाई. बघायला लई भारी!

खेळायला बसलं की मात्र निम्मा वेळ पळण्यात. उघड्या माळावरून पळ, पळ, पळ, आणि पोचायच्या आत कुठूनतरी लांबून एक गोळी. परत पहिल्यापासून. सुरुवातीला तर हॉवरक्राफ्ट उंच इमारतीच्या भिंतीवरून सरळ वर चढायचं. ते हसण्यावारी नेता येतं. बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, म्हणाल तर २०१३ च्या 'बॅटलफिल्ड ४'लाही पोत्यानं होते. तरी लोकांनी तो वर्षानुवर्षं खेळला.

घाव दुसरीकडं बसला. मेडिक, इंजिनिअर अशा ज्याच्या त्याच्या ठरलेल्या भूमिका, म्हणजे गेममधले 'क्लास', तेच काढून टाकले. त्यांच्या जागी दहा ठरावीक पात्रं, 'स्पेशालिस्ट', आणि त्यातल्या कुणीही कुठलीही बंदूक घ्यावी.

[दृश्य: शाहू स्टेडियम, पेठांचा फुटबॉल सामना, भरलेली गॅलरी.]

कोल्हापूरकराला हे शाहू स्टेडियममध्ये बसवून चटकन समजावता येईल. समजा, मैदान दुप्पट केलं. एकेका बाजूला बावीस जण उतरवले. गोलकीपरला सांगितलं, तुला वाटेल तिथं खेळ. वर दोन्ही संघांना एकच जर्सी! कारण तेच दहा चेहरे इकडंही आणि तिकडंही. समोर आलेला आपला की त्यांचा, हे ओळखेपर्यंत खेळ खलास. आणि फेरी हरल्यावर हेच चेहरे स्क्रीनवर येऊन विनोद मारणार.

त्यात व्हॉइस चॅट नाही. १२८ माणसं एका रणांगणावर, आणि हाक मारायची सोय नाही! मारलेत किती, मेलात किती, हे दाखवणारा नेहमीचा स्कोअरबोर्डही नव्हता. दोन्ही गोष्टी २०२२ मध्ये आल्या.

डाइसनं पुढं बरंच निस्तरलं, हे कबूल करायला हवं. नकाशांची डागडुजी झाली, जानेवारी २०२३ मध्ये क्लास परतले, आणि शेवटी शेवटी गेम बरा खेळण्याजोगा झाला. पण तोवर जमलेली टोळकी पांगली होती. १० ऑक्टोबर २०२५ ला 'बॅटलफिल्ड ६' आला, तो क्लास घेऊनच. खेळाडूही पुन्हा ६४ वर.

[दृश्य: रंकाळ्याचा कट्टा. मोबाइलवर वाकलेली चार पोरं.]

या पोरांनी 'बॅटलफिल्ड २' पाहिलेला नाही. हातात फोन, कानात इअरफोन, मधे भेळेचा कागद. एकाचा गडी पडलाय. शेजारी बसलेल्याला तो कोपरानं ढोसतोय.

"अरे, उठव की!"