मार खाणारा माणूस

आत्ता अनाउन्समेंट झाली की आजचं व्याख्यान कुस्तीवर आहे, तेव्हा पुढच्या रांगेतले आजोबा एकदम सावरून बसले, तर आजोबा, माफ करा, आज लाल माती नाही, आज टीव्हीवरची ती कुस्ती जिला तुम्ही नौटंकी म्हणता. निकाल आधी ठरलेला असतो, कबूल, पण पाठीवर आपटणं काही खोटं नसतं हो, पाठ त्याची स्वतःचीच असते.

तर विषय हा की डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे अशा टीव्हीवरच्या कुस्तीची बडी अमेरिकन कंपनी, अधूनमधून एका झटक्यात माणसं काढते. 15 एप्रिल 2020 ला, ऐन करोनात, ढीगभर लोक एका दिवसात घरी. मोठ्या रोस्टरवाल्याला, म्हणजे मुख्य शोमध्ये लढणाऱ्याला, काढल्यावर साधारण 90 दिवस पैसे मिळतात पण तेवढे दिवस दुसरीकडे लढायचं नाही, आणि गंमत म्हणजे कागदावर हे लोक नोकर नाहीतच, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर! आपल्या ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याचा सौरव गुर्जर, टीव्हीवर भीम झालेला तो, 2018 मध्ये तिकडे गेला, सांगा नावाने लढला, आणि एप्रिल 2024 मध्ये तो आणि वीर, जिंदर महल हे त्याचे साथीदार पैलवान, तिघंही बाहेर.

प्रत्येक वेळी म्हणतात नव्या पोरांना जागा करायचीय. बरं, करा. नवीन पोरं भरपूर आहेत, ऑर्लँडोला 2013 पासून परफॉर्मन्स सेंटर म्हणजे कंपनीची ट्रेनिंगची शाळा आहे, कॉलेजातले खेळाडू उचलून आणतात. पण त्या पोरांना तयार कोण करतं?

आमच्या लहानपणी इथे लष्कर भागातल्या एका आखाड्यात एक काका होते, चाळिशीचे, पोट थोडं सुटलेलं, दंगल कधी जिंकल्याचं कोणाला आठवत नाही, पण नवीन पोरगा आला की उस्ताद पहिला जोर त्यांच्याशीच लावायचे. काका बरोबर कुठे अडवायचं आणि कुठे पडायचं ते जाणायचे, आणि असे पडायचे की पोराला वाटायचं धोबीपछाड मीच मारला, मी स्वतः दोन दिवस त्याच नशेत होतो. मग काही कारणानं काका येईनासे झाले, तगडी तगडी पोरं आपसातच भिडायला लागली, आणि त्या एका पावसाळ्यात दोघांचे खांदे उतरले.

डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान डॉल्फ झिगलर म्हणजे तिकडचा तो काका, अर्थात चॅम्पियन होऊन गेलेला, पण मार खाण्यात त्याच्यासारखा कोणी नाही. समोरच्यानं नुसता धक्का दिला तरी हा असा उडायचा की देणारा राक्षस वाटावा. 2022 च्या मार्चमध्ये त्याला एनएक्सटीचा, म्हणजे कंपनीच्या नव्या पोरांच्या शोचा, टायटल दिला, तिथे ब्रॉन ब्रेकर नावाचा पोरगा होता, अमेरिकन फुटबॉलमधून आलेला, जुन्या पैलवान रिक स्टायनरचा मुलगा, अंगात ताकद बेसुमार पण अनुभव जेमतेम. 4 एप्रिलला ‘रॉ’ या मुख्य शोवर, म्हंजे थेट मोठ्या स्टेजवर, झिगलरनं त्याच्याकडून हरून टायटल परत दिला. ब्रेकर तिथून बाहेर आला तो स्टार होऊनच. आणि झिगलर? सप्टेंबर 2023 मध्ये, यूएफसी या मारामारीच्या खेळाच्या कंपनीशी डब्ल्यूडब्ल्यूईचं मर्जर होऊन टीकेओ कंपनी बनली त्याच महिन्यात, रिलीज. 2004 पासूनचा माणूस!

माझं म्हणणं एवढंच की अकाउंटवाल्याच्या शीटमध्ये हा माणूस महाग दिसतो, कारण जुना म्हणून पगार मोठा आणि टी-शर्ट कमी खपतात, पण त्यानं हरून जे दुसऱ्याच्या खात्यात टाकलं त्याचा कॉलमच नसतो त्या शीटमध्ये. टॉपच्याला हात लागत नाही, कटाई होते ती मधल्यांची.

हां, मागून विचारतायत झिगलरचं पुढे काय झालं. टीएनए या दुसऱ्या कुस्ती कंपनीत गेला, निक नेमेथ या स्वतःच्या खऱ्या नावानं, आणि जुलै 2024 मध्ये तिथला वर्ल्ड चॅम्पियन झाला. आजोबा, तुम्ही का टाळ्या वाजवताय, तुमच्या मते तर नौटंकी ना ही?